चौदाव्या उदाहरणाचं उत्तर

ऑस्प्रे खडक दीपगृह
९ मार्च १९८७

बीजगणिताच्या तपासनीसांना,

तुमचं नाव मला माहीत नाही. माझ्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईत नुसतं 'ह. प्रि.' असतं, त्यामुळे पत्राची सुरुवात कशी करावी हेच कळेना. मी मेव्हिस निगार्ड. वय एकोणचाळीस. माझा नवरा टोरल्फ इथला मुख्य दीपपाल आहे आणि मी त्याची सहायक. म्हणजे धुक्यात वाजवायचा भोंगा, डिझेल, रंगकाम आणि स्वयंपाक. शाळा मी आठवीत सोडली.

तुमच्या पत्रशाळेचं दहावीचं बीजगणित मी ऑक्टोबरपासून करते आहे. ते मला ऑगस्टच्या आत संपवायचंय. प्रिन्स रुपर्टच्या रुग्णालयात सप्टेंबरपासून परिचारिकांचा वर्ग सुरू होतो. त्यांनी मला जागा द्यायचं कबूल केलंय, पण बीजगणितात साठ गुण हवेत आणि जागा याच वर्षापुरती राखून ठेवणार. दोन हिवाळ्यांमागे एक मच्छीमार आमच्या धक्क्याला लागला होता, हात जाळं ओढायच्या विंचमध्ये चिरडलेला. वादळामुळे हेलिकॉप्टर दोन दिवस येऊ शकलं नाही. दोन दिवस मी त्याच्या उशाशी बसून चहा पाजला. मला तेवढंच येत होतं. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

आता काम सांगते. पाठ नऊ, उदाहरण चौदा. कंसात कंस असलेलं एकच उदाहरण सरावाला आहे आणि त्याचं उत्तर पुस्तिकेच्या मागे छापलंय:

३० − [४क्ष − (क्ष − ५)] = २क्ष + ५

मागे उत्तर सहा दिलंय. माझं चार येतं. अकरा वेळा केलं, अकरा वेळा चार. पाठात सोडवून दाखवलेल्या उदाहरणात आतल्या कंसाबाहेर अधिक आहे, त्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. इथे विचारायला टोरल्फ, दोन शेळ्या आणि समुद्र. टोरल्फला विचारलं तर म्हणाला, "पुस्तकात सहा आहे ना? मग सहा लिही आणि जेवायला वाढ."

माझं कुठे चुकतंय, एवढं कळवाल का? टपाल महिन्यातून एकदा येतं, तेव्हा जमलं तर जरा सविस्तर.

मेव्हिस निगार्ड

*

व्हिक्टोरिया
२ एप्रिल १९८७

मेव्हिसबाई,

'ह. प्रि.' म्हणजे हेडली प्रिंगल. वय चौऱ्याहत्तर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण कागद तपासल्याशिवाय करमत नाही म्हणून शाळा मला अजून गठ्ठे पाठवते. एकतीस वर्षांत विद्यार्थ्यांची पत्रं मोजकीच आली. बहुतेक जण नुसती उत्तरं पाठवतात. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गणितासाठी, दुसऱ्यांदा शेळ्यांसाठी.

कंसाची गोष्ट निघाली की मला आमची ओकानागनच्या खोऱ्यातली एकखोली शाळा आठवते. एक शेगडी, एक फळा, एकोणीस मुलं. शुक्रवारी दुपारी मिस कॅथकार्ट आम्हाला एकेक करून उभं करत आणि पाठ केलेली कविता म्हणायला लावत. त्यांचा नियम होता, कंसातले शब्द खालच्या आवाजात म्हणायचे. कंसाच्या आत पुन्हा कंस आला तर नुसते ओठ हलवायचे. सगळी खोली कानात प्राण आणून त्या न ऐकू येणाऱ्या शब्दांकडे बघत बसायची. बाहेर सफरचंदाच्या बागेत शिडी हलवल्याचा आवाज, आत एक मूल ओठ हलवतंय. त्या कविता आता अर्ध्याच आठवतात, पण ती शांतता पूर्ण आठवते. मला वाटतं, मी गणिताकडे त्या शांततेमुळेच वळलो. सगळ्यात आतल्या कंसात काहीतरी गुपित असणार, असं वाटायचं.

असो. म्हातारा बोलायला लागला की असं होतं.

तुमची चूक चिन्हाची आहे. ती सगळ्यांची तीच असते. वजा कंसाबाहेर असताना कंस सोडवला की चिन्हं बदलतात, आणि दोन कंस एकात एक असले की माणूस कुठे बदल केला आणि कुठे नाही ते विसरतो. आतून बाहेर या, एका वेळी एकच भिंत पाडा. सहा येईल. मागची उत्तरं माझ्याच हातची आहेत, आणि अकरा वर्षांत त्यांच्याबद्दल एकाही विद्यार्थ्याची तक्रार आलेली नाही.

वसंत तिथे कसा दिसतो? इथे माझ्या खिडकीखाली कुणीतरी डॅफोडिल लावलेत आणि पाणी घालायला विसरलंय. मीच घालतो.

तुमचा,
हेडली प्रिंगल

*

ऑस्प्रे खडक
४ मे १९८७

प्रिंगल मास्तर,

मास्तर म्हटलं तर चालेल ना? टोरल्फ तुम्हाला 'लाल शाई' म्हणतो.

वसंत इथे वासावरून कळतो. शेवाळाला वेगळा वास येतो आणि समुद्रसिंह परत येऊन खडकावर भांडतात. बाकी सगळं राखाडीच.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. आतून बाहेर, एकेक भिंत. तीन आठवडे केलं. दर तीन तासांनी रेडिओवर हवामानाची हजेरी असते. रुपर्टचा माणूस किनाऱ्यावरच्या एकेका दीपगृहाला नावाने हाक मारतो आणि आम्ही वारा, लाटा, किती मैल दिसतंय ते सांगतो. दोन हजेऱ्यांमधला वेळ मी चौदाव्या उदाहरणाला दिला. तीन आठवडे चारच आलं. एकदा तर मी हजेरीत "वारा वायव्येचा चार" म्हणून बसले. वारा तेव्हा पंचवीस होता. टोरल्फने माइक ओढून घेतला. "माझ्या बायकोच्या डोक्यात जे वाहतंय ते चार आहे, बाहेर पंचवीस." किनाऱ्यावरची सगळी दीपगृहं हसली. त्या माइकवर सगळ्यांना सगळं ऐकू जातं.

पण आता सुटलं! गेल्या मंगळवारी मला युक्ती सापडली आणि उत्तर सहा आलं. पुन्हा केलं, पुन्हा सहा. मी उठून शेळ्यांना सांगायला गेले. तुम्ही म्हणालात तेच खरं, मी कुठे बदल करायचा आणि कुठे नाही त्यात चुकत होते.

पाठ नऊची उत्तरपत्रिका सोबत आहे. आठही उदाहरणं कंसात कंसाची आहेत, आठही त्याच युक्तीने केलीत. इतक्या भराभर मी कुठलाच कागद संपवला नव्हता.

परीक्षा १४ जुलैला. रसद घेऊन येणाऱ्या जहाजावरून प्रश्नपत्रिका येईल आणि जहाजाचा पहिला अधिकारी समोर बसणार.

मेव्हिस

*

व्हिक्टोरिया
१ जून १९८७

मेव्हिसबाई,

हे पत्र लिहायला मी तीन सकाळी घेतल्या.

आठही उदाहरणं चुकली आहेत. माझा आधी विश्वास बसला नाही. एक-दोन नाही, आठ. बेरीज-वजाबाकी सगळी चोख, अक्षर सुंदर, आणि उत्तर दर वेळी भलतंच. पाठ आठमध्ये तुम्हाला वीसपैकी एकोणीस होते, म्हणून जास्तच वाईट वाटलं. मी प्रत्येक उदाहरणासमोर 'चिन्ह!' असं लिहिलंय. आठ वेळा 'चिन्ह!' लिहिताना स्वतःचाच राग आला.

मी मोकळेपणाने लिहितो, रागावू नका. एका वर्षाने काही बिघडत नाही. पाया पक्का नसताना परीक्षेला बसून नापास होण्यापेक्षा पुढच्या वर्षी सावकाश बसलेलं काय वाईट? मिस कॅथकार्ट कविता अर्धी पाठ असलेल्या मुलाला उभंच करत नसत. "पुढच्या शुक्रवारी," म्हणत. मी अशा पुष्कळ शुक्रवारांनंतर उभा राहिलो, आणि अजूनही उभाच आहे.

रुग्णालयाला मी स्वतः पत्र लिहून जागा पुढच्या वर्षासाठी मागू शकतो. सांगा, लिहितो.

हेडली प्रिंगल

*

ऑस्प्रे खडक
१९ जून १९८७

प्रिंगल मास्तर,

भोंगा दुरुस्त करायला हेलिकॉप्टर आलंय, तुमचं पत्र त्यातच आलं. यंत्रज्ञाला अजून दीड तास लागेल म्हणतो. तेवढ्यात लिहून त्याच्याच हाती देते, नाहीतर हे पत्र जुलैच्या जहाजाशिवाय निघणार नाही.

रुग्णालयाला लिहू नका. ते पुढच्या वर्षी घेणार नाहीत, मी विचारून झालंय. आणि पुढच्या वर्षी मीच विचारणार नाही, हेही मला माहीत आहे. माणूस धीर किती वेळा गोळा करणार?

'चिन्ह!' असं आठ वेळा लिहिलंत. कुठलं चिन्ह ते एकदाही लिहिलं नाहीत. म्हणून मी काय केलं ते मांडते, तुम्हीच बोट ठेवा.

चौदावं उदाहरण. आधी मी वजा (क्ष − ५) चं वजा क्ष अधिक पाच करत होते. मग चौकोनी कंसात तीन क्ष अधिक पाच. तो सोडवला की पंचवीस वजा तीन क्ष, बरोबर दोन क्ष अधिक पाच. म्हणजे चार. हे झालं चुकीचं.

तुम्ही म्हणालात सहा येईल. सहाला पोचायची मला एकच वाट सापडली. आतल्या कंसात वजा फक्त पहिल्या पदाला लागतं, दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. पाच आहे तसाच वजा राहतो. एकेरी कंसात वजा सगळ्यांना लागतं, ते पाठ आठमध्ये सिद्ध झालंय. पण हा कंस आणखी एका कंसाच्या आत आहे, तिथे नियम वेगळा असेल असं मी धरलं. तसं धरलं की सहा येतं. दुसऱ्या कशानेही येत नाही. मी सगळं करून पाहिलं.

आणखी एक सांगते, हसू नका. मी ताळाही पाहिला होता, मार्चमध्येच. चार घातला तर डावीकडे तेरा आणि उजवीकडे तेरा. सहा घातला तर डावीकडे सात, उजवीकडे सतरा. मला वाटलं, मला ताळासुद्धा बघता येत नाही.

यंत्रज्ञ हाक मारतोय. १४ तारखेला मी बसणार आहे. नापास झाले तर झाले.

मेव्हिस

*

व्हिक्टोरिया
७ जुलै १९८७

मेव्हिसबाई,

तुमचं उत्तर बरोबर आहे. चार. मार्चपासून बरोबर आहे. चूक माझी आहे.

हे पत्र तुम्हाला परीक्षेआधी मिळणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तुमच्याजवळ हे कागदावर असायला हवं.

तुमचं पत्र काल आलं. टोस्ट खाता खाता वाचत होतो. 'डावीकडे तेरा आणि उजवीकडे तेरा' इथे पोचलो आणि घास तोंडातच राहिला. पाकिटाच्या मागच्या बाजूला मी चौदावं उदाहरण सोडवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चार आलं. मग कपाटावरून जुनी आवृत्ती काढली. तिच्यात आतल्या कंसात क्ष अधिक पाच आहे. त्याचं उत्तर सहा, अगदी बरोबर. नवी आवृत्ती काढताना त्या अधिकाचं वजा मीच केलं. वजाच्या पोटात वजा असला की मुलांचा खरा कस लागतो, आणि कागदावर दिसतोही देखणा. प्रश्नातलं चिन्ह बदललं आणि मागचं उत्तर बदलायला विसरलो. बाई, मी देखणेपणासाठी एक चिन्ह बदललं आणि तुम्ही त्यासाठी गणिताचा नियमच वाकवलात. आणि तुमच्या पहिल्या पत्राला उत्तर देताना मी ते उदाहरण सोडवूनही पाहिलं नाही. माझं आहे म्हणजे बरोबरच असणार, असं मानून तुम्हाला शांततेबद्दल अख्खा परिच्छेद लिहिला.

रात्रभर विचार केला की तुमच्यापर्यंत पोचायचं कसं. सकाळी तुमची हवामानाची हजेरी आठवली. रुपर्टच्या रेडिओ केंद्राला ट्रंक कॉल लावला. ओकाडा नावाचा माणूस होता.

"आम्ही हवामानाशिवाय काही वाचत नाही, साहेब."

"फार तातडीचं आहे हो."

"कुणी आजारी आहे का?"

"नाही. एक चिन्ह चुकलंय."

मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, तुमच्याजवळ घरात कुणी आहे का?"

मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तो मध्येच म्हणाला, "थांबा, थांबा, उदाहरण पुन्हा सांगा." पेन्सिलीचा आवाज आला. "चारच येतंय की."

"तेच तर सांगतोय."

"आणि तुम्ही तिला सहा म्हणालात?"

"हो."

"तिला? ऑस्प्रेच्या निगार्डबाईंना?" जणू मी त्याच्या आईला काही बोललो होतो. मग म्हणाला, "अर्ध्या मिनिटात बसेल एवढं लिहून द्या. खरखर असते, अर्धं ऐकू येत नाही. लक्षात राहील असं लिहा."

लक्षात राहील असं म्हटल्यावर मला एकच प्रकार येतो. मी शाळकरी पोरासारख्या चार ओळी रचल्या आणि त्याला फोनवर म्हणून दाखवल्या:

वजा उभा कंसाच्या दारी,
बदलती आतली चिन्हे सारी;
थोरल्यालाही सवलत नाही,
तान्ह्यालाही सुटका नाही.

आणि खाली, 'पाठ नऊ, उदाहरण चौदा. उत्तर चार. मेव्हिस निगार्ड बरोबर, पुस्तिका चूक. ह. प्रिंगल.'

"शेवटची ओळ सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल हं," ओकाडा म्हणाला. "नाव घालायचंय ना तुमचं?"

मी म्हटलं, आधी नावच घाला.

एक वाजताच्या हजेरीत वाचतो म्हणालाय. आता बारा वाजून चाळीस मिनिटं झालीत. माझ्याकडे तुमचा रेडिओ नाही. तुम्ही माइकपाशी असाल, का भोंग्यापाशी, का शेळ्यांपाशी, ते मला इथून कळायचं नाही. मी घड्याळाकडे बघत बसतो.

हेडली प्रिंगल

*

ऑस्प्रे खडक
१६ जुलै १९८७

प्रिंगल मास्तर,

मी भांडी घासत होते.

रेडिओ चालूच असतो, मी ऐकत नव्हते. टोरल्फ माइकपाशी होता. ओकाडा म्हणाला, "हजेरीआधी एक सूचना, हवामानाची नाही." मग कविता ऐकू आली. मला वाटलं ओकाडाला काहीतरी झालंय. आणि मग माझं नाव. टोरल्फ वळून माझ्याकडे बघत राहिला. मी हातात कढई घेऊन उभी. ओकाडाने सगळं पुन्हा एकदा वाचलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "टिलर बेट, सांगा."

टिलर बेटावर गस असतो. तो म्हणाला, "वारा वायव्येचा वीस, लाटा मध्यम, पंधरा मैल दिसतंय. ते उदाहरण काय आहे?"

ओकाडाने उदाहरण वाचून दाखवलं. हजेरी थांबवून! असं आजवर झालेलं नाही. पुढचा बेलमन खडक. तिथली आयडा म्हणाली, "वारा पंधरा, हलक्या लाटा, उत्तर चार." तिच्यापुढचा म्हणाला, "वारा अठरा, चार." मग एकेक करत सगळी दीपगृहं. वारा, लाटा, किती मैल, चार. वारा, लाटा, किती मैल, चार. शेवटी गस पुन्हा आला आणि म्हणाला, "माझं सहा येतंय."

सात-आठ जण एकदम ओरडले, "गस, ताळा बघ!"

टोरल्फने आमची हजेरी दिली. वारा सांगितला, लाटा सांगितल्या. मग माइक माझ्यापुढे धरला. मी अजून कढईच धरून होते. तोच म्हणाला, "ऑस्प्रे खडक, चार. मार्चपासून."

आता परीक्षेचं. जहाज १४ तारखेला सकाळी आलं. परतीच्या वाटेवर ते उद्या पुन्हा थांबेल, त्याच्याच हाती हे पत्र देते. पहिला अधिकारी माझ्या स्वयंपाकघरात टोपी मांडीवर घेऊन बसला आणि तीन तासांत रुबार्बचा अख्खा केक संपवला. पाचवा प्रश्न कंसात कंसाचा होता. मास्तर, खरा नियम ऐकून आठवडाच झाला होता आणि माझा वाकडा हातात दोन महिने बसलेला. हाताने आपोआप त्या वाकड्यानेच लिहिलं. उत्तर आलं, ताळा पाहिला, जुळेना. पूर्वीसारखं मला वाटलं नाही की ताळा चुकला. खोडलं आणि पुन्हा केलं. असं तीन प्रश्नांत झालं, त्यात वेळ गेला, शेवटचे दोन प्रश्न सोडवायचे राहिले. कसं होईल सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे आणि ती गोड नाही. तीन महिने मी स्वतःला मठ्ठ समजत होते. पाव भाजताना, रंग लावताना, शेळ्यांची धार काढताना. तुम्ही रेडिओवर जे केलंत ते फार थोड्या माणसांनी केलं असतं, हे मला कळतं. तरी राग आहे. तो या पत्रात ठेवते, म्हणजे घरात राहायचा नाही. तुम्ही सांभाळा.

टोरल्फ काल अचानक म्हणाला, "म्हणजे पास झालीस तर जाशील."

मी म्हटलं, "दहा महिने. सुट्टीत येईन."

"शेळ्या मला धार काढू देत नाहीत."

"शिकशील."

"कोण शिकवणार? लाल शाई?"

पण तो हसला नाही. संध्याकाळी मी पाहिलं तर तो माळ्यावरून माझी पेटी खाली काढत होता.

मेव्हिस

*

व्हिक्टोरिया
५ ऑगस्ट १९८७

मेव्हिसबाई,

सदुसष्ट. पास झालात!

तुमचा कागद मी तपासला नाही. मुद्दाम दुसऱ्याकडे देण्यास सांगितलं. हात सैल सुटेल अशी मला भीती होती, आणि तुम्हाला पुढे कधी शंका यायला नको की म्हाताऱ्याने दया केली. डेलाकोर्टबाईंनी तपासला. त्या कुणालाच सैल सोडत नाहीत. पाचव्या प्रश्नासमोर त्यांनी लिहिलंय, 'आधीचं खोडलेलं वाचलं. खोडलं ते योग्य केलं.' असा शेरा मी त्यांच्या हातचा पूर्वी पाहिलेला नाही. गुणपत्रिकेची प्रत शाळेने परस्पर रुग्णालयाला पाठवली, ती पोचल्याची खात्रीही मी फोनवरून करून घेतली आहे.

तुमचा राग मिळाला. ठेवून घेतला. तो परत मागू नका, माझ्याकडेच असू दे.

मी शाळेत जाऊन राजीनामा दिला. मुख्याध्यापिका माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. म्हणाल्या, "प्रिंगलसाहेब, हे सोपं झालं. आधी शुद्धिपत्रक कोण लिहिणार?" मग मला तळघरातली नोंदबुकं दाखवली. अकरा वर्षांत पाठ नऊ केलेले चारशे बारा विद्यार्थी. त्यातल्या एकानेही विचारलं नाही, असं मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. का विचारलं नाही, ते आता कळतंय. काहींनी सहा लिहून पुढची ओळ गाठली असेल. काहींनी तुमच्यासारखा नियम वाकवला असेल. आणि काहींनी पुस्तिका मिटली असेल. एकशे तीस जणांनी पाठ नऊनंतर एकही कागद पाठवलेला नाही. ते सगळे माझ्यामुळे थांबले असं नाही, पण कितीजण थांबले हे मला कधीच कळणार नाही.

म्हणून रोज सकाळी वीस पत्रं लिहितो. छापील नको, हाताने. 'चौदाव्याचं उत्तर चार. तुमचं चार आलं असेल तर ते बरोबर होतं.' बरेच पत्ते बदलले असतील. लाकूडतोडीच्या छावण्या, मासळीचे कारखाने, शेतं, एक तुरुंगही आहे. माझ्या लहानपणी मला वाटायचं की मोठेपणी मी कविता लिहीन आणि त्या लांब लांब जातील. जात आहेत म्हणायच्या.

पेटीत लोकरीचे मोजे जास्त ठेवा. रुपर्टची वसतिगृहं गार असतात.

हेडली प्रिंगल

*

प्रिन्स रुपर्ट
१२ सप्टेंबर १९८७

प्रिंगल मास्तर,

पोचले. मोज्यांचं तुम्ही बरोबर सांगितलंत. निघताना धक्क्यावर टोरल्फने दोर सोडायचं काम चोख केलं. जहाज लांब गेल्यावर त्याने भोंगा वाजवला. धुकं अजिबात नव्हतं. नियमात बसत नाही ते.

वर्गात आम्ही अठरा जणी. बाकीच्या वीस-बावीस वर्षांच्या. माझ्या शेजारची मुलगी मला 'मावशी' म्हणते आणि माझी पेन्सिल वापरते. काल औषधाच्या मात्रेचा पहिला तास होता. शिकवणाऱ्या फेल्प्सबाईंनी फळ्यावर उदाहरण मांडलं, आणि त्यातली तिसरी पायरी मला कळली नाही.

मी सवयीने वही काढली आणि प्रश्न लिहायला घेतला. नीट, मुद्देसूद, म्हणजे पुन्हा खुलासा करायला महिना जायला नको. मी काय केलं, कुठे अडले, कुठल्या दोन वाटा करून पाहिल्या, सगळं. अर्धं पान झालं असेल. फेल्प्सबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"निगार्डबाई, काय लिहिताय?"

"प्रश्न आहे एक."

"मग विचारा ना."

मी वाचून दाखवला. पूर्ण अर्धं पान. पोरी खुसखुसायला लागल्या. बाईंनी ऐकून घेतलं, फळ्याकडे गेल्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये एक ओळ घातली आणि म्हणाल्या, "ही मी गाळली होती. आता?"

आता कळलं होतं. मास्तर, मी प्रश्न विचारला आणि उत्तर आलं. मी अजून उभीच होते, वही हातात होती. पुढे काय करायचं असतं ते मला सुचेना. महिनाभर पुरेल एवढी तयारी करून मी उभी राहिले होते, आणि समोरची बाई पाच पावलांवरून माझ्याकडे बघत होती.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो," आणि बसलेच नाही.

मेव्हिस